नाक्यावरची दक्षिण अमेरिका

नाना दक्षिण अमेरिकेचा नकाशा खालच्या टोकापासून काढायला घेत. बाकी सगळे मास्तर वरून सुरुवात करतात, पुढे आयुष्यभर मीही वरूनच केली. पण नाना फळ्याच्या तळाशी खडू टेकवायचे, डावीकडची किनारपट्टी एका दमात वर न्यायचे, तिथे क्षणभर थांबून उजवीकडचं मोठं पोट काढत खाली यायचे आणि जिथून निघाले तिथेच येऊन पोचायचे. रेघ जुळते की नाही, हे सगळा वर्ग श्वास रोखून बघायचा. ती जुळायचीच. मग हातावरची धूळ झटकून नाना म्हणायचे, "हं, आता या घरात कोण कोण राहतं ते बघू." माझे वडील परळच्या एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवत आणि मी त्यांच्याच शाळेत, नववीत, त्यांच्याच वर्गात होते. घरचे नाना आणि शाळेतले सर ही दोन वेगळी माणसं आहेत, असं आम्हाला लहानपणापासून बजावलेलं होतं. शाळेत त्यांना सर म्हणायचं आणि घरी धड्यातलं काहीही विचारायचं नाही.

आम्ही लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. एक खोली, तिला लागून स्वयंपाकापुरती जागा आणि बाहेर सामाईक गॅलरी. घरात माणसं चार: नाना, आई, माझा भाऊ मधू आणि मी. मधू माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मॅट्रिकला तो दोनदा नापास झाला, आणि एकदा तर चक्क भूगोलात. त्या निकालाच्या दिवशी नाना जेवले नाहीत, मधूही जेवला नाही, आणि आईने दोघांची पानं तशीच झाकून ठेवली. मग चाळीतल्या दाजी परबांनी ओळख काढून मधूला गिरणीच्या वर्कशॉपमध्ये चिकटवलं. तेव्हापासून पहाटेचा भोंगा झाला की मधू उठायचा आणि मधूच्या खडबडीने नाना उठायचे. स्टोव्हची फरफर, नळावरच्या बादल्या, खालून जाणारी पहिली ट्राम, आणि त्या सगळ्याच्या मधे हे दोघे बापलेक एकमेकांशी न बोलता चहा पीत बसलेले. त्यांचं वैर नव्हतं. नानांना मुलाशी मास्तर न होता कसं बोलावं ते कळत नव्हतं, आणि मधूला मास्तरांशी बोलायचंच नव्हतं.

नानांना दक्षिण अमेरिकेचं वेड कुठून लागलं, कोण जाणे. ते गावाहून मुंबईला आले ते बोटीने, आणि त्यापलीकडे त्यांनी समुद्र ओलांडलेला नव्हता. पण जेवायला बसले की ताटातलं काय काय तिकडून आलं हे सांगायचे. बटाटा तिकडचा, मिरची तिकडची, टोमॅटो, भुईमूग, पपई, काजू, सगळं तिकडचं. पेरूचं तर नावच सांगतं, म्हणायचे. आईचा गुरुवारचा उपास असायचा. एकदा ती साबुदाण्याची खिचडी वाढत असताना नानांनी हिशेब मांडला: साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो तिकडचा, वरचे दाणे तिकडचे, मिरची तिकडची, आणि सोबतची बटाट्याची भाजी तर आहेच. "म्हणजे तुझ्या देवाला आज काय पोचलं? सगळी दक्षिण अमेरिका पोचली," नाना म्हणाले. आई एरवी चारचौघींसारखं बोलायची, पण रागावली की तिची मालवणी बाहेर यायची. "माझ्या उपासाक बाटवू नकात हां! तुमची अमेरिका तुमच्या शाळेत ठेवा." मधू खो खो हसला, नानाही हसले. त्या दोघांना मी एकत्र हसताना पाहिलं ते बहुधा तेव्हाच, म्हणून ती खिचडी अजून माझ्या जिभेवर आहे.

वर्गात मात्र हाच माणूस वेगळा दिसायचा. आमच्या वर्गातली बहुतेक मुलं गिरणीकामगारांची. त्यांना नाना दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांतल्या एका जुन्या राज्याची गोष्ट सांगत. तिथे लिपी नव्हती, दोऱ्यांना गाठी मारून हिशेब आणि निरोप धाडत. एक दिवस त्यांनी सुतळीचं बंडल आणलं आणि आम्हाला गाठींमधून निरोप लिहायला लावले. डोंगराच्या उतारावर पायऱ्या पाडून केलेली शेती सांगितली तेव्हा कोकणातली मुलं म्हणाली, सर, आमच्या गावी असंच असतं. मग गोरे लोक आले, राजाला मारलं, देवळं पाडली, त्यावर आपली बांधली, आणि चांदीचा एक अख्खा डोंगर त्यांना सापडला. त्या डोंगराच्या पोटात उतरायला गावोगावची माणसं पाळीने नेत. पाळी म्हटल्यावर वर्गात कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. "आणि ती चांदी कुठे जायची, सर?" एका मुलाने विचारलं. नाना फळ्याजवळ गेले आणि त्यांनी किनाऱ्यावर एक ठिपका काढला. "बंदरावर," ते म्हणाले. "बंदर कुणाच्या हातात आहे ते आधी बघायचं. मग बाकीचा इतिहास."

त्यांची शिकवायची एक रीत होती आणि ती पुढच्या सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे, म्हणून नीट सांगते. तास संपताना ते फळ्यावर एक प्रश्न लिहायचे आणि त्याखाली लिहायचे, 'उत्तर उद्या'. मग काहीही झालं तरी दुसऱ्या दिवशीच्या तासापर्यंत ते उत्तर देत नसत. हेडमास्तरांनी विचारलं तरी नाही. मुलांनी तो प्रश्न घरी न्यावा, बापाला विचारावा, शेजाऱ्याला विचारावा, झोपेत चघळावा, असं त्यांचं म्हणणं. "उत्तर मिळालं की डोकं बंद होतं," म्हणायचे. "प्रश्न एक रात्र मुरला पाहिजे." त्या आठवड्यात प्रश्न होता: दक्षिण अमेरिकेत एक भाषा बोलणारे नऊ देश आहेत. भाषा एक, धर्म एक, ज्याला हाकललं तो राजाही एकच. मग देश नऊ का? दुसऱ्या दिवशी मुलांनी हात वर करकरून उत्तरं दिली. डोंगर मधे आला म्हणून. भांडणं झाली म्हणून. गोऱ्यांनी वाटण्या केल्या म्हणून. नानांनी सगळी ऐकून घेतली आणि मग आपलं उत्तर फळ्यावर लिहिलं. मला ते शब्दन्‌शब्द पाठ आहे: 'राजाविरुद्ध ते एक होऊन लढले. राजा गेल्यावर प्रत्येक बंदराच्या धनवंतांना आपलं बंदर आपल्यापुरतं हवं झालं. माणसांनी देश तोडले नाहीत, बंदरांच्या मालकांनी तोडले. तुटले ते दुबळे झाले आणि चांदी परक्यांनी नेली.' बाहेर तेव्हा मुंबईवरून जे रान पेटलं होतं, ते त्या क्षणी वर्गाच्या आत आलं.

त्या दिवसांत मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही, वेगळी ठेवायची, असं दिल्लीत ठरत होतं. लालबाग-परळमध्ये दुसरा विषय नव्हता. आमच्या नाक्यावर व्यायामशाळेच्या भिंतीला एक मोठा लाकडी फळा टांगलेला असायचा. सभा कुठे, मोर्चा किती वाजता, कोण पकडले गेले, सगळं त्यावर कळायचं. पाळी सुटलेले कामगार आधी फळा वाचायचे, मग घरी जायचे. तो फळा रोज सकाळी नाना लिहायचे. चाळीच्या कमिटीचे प्रमुख दाजी परब यांनी हात जोडून त्यांना ते काम दिलं होतं, कारण अख्ख्या लालबागेत तसं अक्षर दुसरं नव्हतं. मधू खडूचा डबा आणि ओला फडका घेऊन त्यांच्यासोबत जायचा, फळा पुसून द्यायचा आणि नाना लिहीत असताना शेजारी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचायचा. शाळेत ज्याला नानांच्या एकाही प्रश्नाचं उत्तर कधी आलं नाही, तो तिथे मास्तरांचा मधू होता. मोर्चात त्याला झेंडा मिळायचा तो त्या फळ्यामुळे. त्याच्या चालीत एक ताठपणा आला होता. आई म्हणायची, ह्याच्याकडे बघवत नाही इतका शहाणा झालाय.

आणि तिथे नानांनी ते केलं. वर्गात तो धडा इतका रंगला की त्यांना वाटलं, हे नाक्यालाही मिळालं पाहिजे. रोजच्या घोषणा लिहून ते कंटाळलेही असतील. मधूला त्या दिवशी नेहमीच्या आधी, पहाटपाळीला जावं लागलं, त्यामुळे तो सोबत नव्हता. नानांनी एकट्यानेच जाऊन फळा पुसला, खालच्या टोकापासून वरपर्यंत आणि परत खाली दक्षिण अमेरिका काढली, रेघ जुळवली आणि टपोऱ्या अक्षरात लिहिलं: 'एक भाषा, नऊ देश. का?' आणि खाली, सवयीने, 'उत्तर उद्या'. खडू खिशात टाकून ते शाळेत निघून गेले.

आता इतक्या वर्षांनी वाचणाऱ्याला यात काय वावगं, असं वाटेल. पण त्या दिवसांत विरोधी बाजूची माणसं नेमकं हेच विचारायची: एका भाषेची दोन-तीन राज्यं झाली तर बिघडलं काय? वर्तमानपत्रांतून ते रोज छापून येत होतं. आणि आमच्या फळ्यावर, आमच्याच मास्तरांच्या अक्षरात, एका भाषेचे नऊ देश नकाशासकट काढलेले. दुपारी पाळी सुटली आणि माणसं फळ्यासमोर थांबायला लागली. मी शाळेतून येताना गर्दी बघितली. कुणीतरी म्हणालं, "मास्तर फिरला." दुसरा म्हणाला, "पैसे खाल्ले असणार, दुसरं काय." उत्तर आमच्या वर्गाला ठाऊक होतं, पण सरांच्या आधी ते फोडायचं नाही हे अंगात मुरलेलं; मी त्याच्याकडे बघून एवढंच ओरडले, "उत्तर उद्या आहे! खाली लिहिलंय ना!" तो हसला. चौदा वर्षांच्या पोरीकडे बघून माणसं हसतात तसा.

संध्याकाळी दाजी परब तिघाचौघांना घेऊन आमच्या दारात आले. दाजी हे वाईट गृहस्थ नव्हते, उलट आमच्यावर त्यांचे उपकारच होते. चपला काढून, अदबीने, पण उभ्यानेच ते बोलले. "मास्तर, हे काय लिवलंय तुम्ही? पोरं भडकलीत. उद्या हरताळ आहे. तुमचा अर्थ काय तेवढा सांगा, मी खाली जाऊन सगळ्यांना समजावतो."

"अर्थ उद्या सकाळी फळ्यावर येईल," नाना म्हणाले.

"अहो, उद्या कशाला? आता सांगा की."

"दाजी, माझ्या वर्गातली नववीची पोरं एक रात्र थांबतात. तुम्ही बाप्ये माणसं. तुम्हाला एक रात्र थांबवत नाही?"

मी तोंड उघडलं. "दाजीकाका, ते बंदराचं..." एवढंच म्हणाले असेन. नानांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी तोंड मिटलं. दाजी म्हणाले, "बघा मास्तर, मग मी जबाबदार नाही," आणि चपला घालून गेले. दाराशी मधू उभा होता. तो कामावरून येताना नाक्यावर सगळं ऐकून आला होता. त्याची कॉलर फाटलेली होती, म्हणजे हाणामारीही झाली असावी. त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

"नाना," तो म्हणाला, "मला सांगा. मला एकट्याला सांगा. मी खाली जाऊन त्यांच्या तोंडावर फेकतो."

"उद्या."

"ते तुम्हाला फितूर म्हणतायत. माझ्या हातातून झेंडा काढून घेतला त्यांनी. एका वाक्यात सांगा ना, नाना."

"वर्गात मी एकाला आधी सांगतो का कधी? ज्याला खरंच कळून घ्यायचंय तो उद्यापर्यंत थांबेल."

"हा वर्ग नाही हो!" मधू ओरडला. सबंध गॅलरी ऐकत होती. "हा वर्ग नाही आणि मी तुमचा नापास पोरगा नाही. मी तुमचा मुलगा आहे." आई मधे पडली. तिने त्या दिवशी बांगड्याची आमटी केली होती, मधूची आवडती, आणि ती सारखी म्हणत राहिली, जेवून घ्या, आधी जेवून घ्या. कुणीच जेवलं नाही. नाना कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले. मला त्यांचा तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. माणूस शहाणा असून इतका हट्टी कसा असतो? त्यांना वाटलं असेल, सकाळी उत्तर वाचलं की सगळे वरमतील, दाजी माफी मागतील, मुलगा मान खाली घालून डबा उचलायला येईल. चांगल्या मास्तराला फळ्याच्या आणि सकाळच्या जोरावर फारच भरवसा असतो. मीही तीस-बत्तीस वर्षं हेच विषय शिकवले. इतर शिक्षिका हसायच्या माझ्यावर, पण घंटा झाली तरी मी वर्ग सोडत नसे. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊनच बाहेर पडत असे.

सकाळी नाना ठरल्या वेळी खडू घेऊन खाली गेले. फळा नव्हता. त्याच्या फळ्या फोडून कुणीतरी गटारात टाकल्या होत्या आणि एका तुकड्यावर उजवीकडचं पोट तेवढं शिल्लक होतं. भिंत रिकामी होती. नाना तिच्यासमोर कितीतरी वेळ उभे होते, असं मागून लोकांनी सांगितलं. हातात खडू होता, समोर भिंत होती, पण भिंत दुसऱ्याची, तिच्यावर लिहायचं नाही, हे त्यांच्या हाडात. ते वर आले आणि म्हणाले, "फळा नाही." एवढंच. जणू काही शाळेत शिपायाने फळा आणला नाही म्हणून तास होणार नव्हता. तोवर मधू कुणाला न सांगता निघून गेलेला होता.

"खंय आसा माझो झील?" आईने मधूचं विचारलं. तिने अजून स्टोव्हही पेटवला नव्हता. खाली दुकानांच्या फळ्या पडत होत्या, ट्राम बंद होत्या, आणि परळच्या दिशेने घोषणांचा आवाज येत होता. मी कुणाला विचारलं नाही. जिना उतरले आणि धावत सुटले. नानांनी वरून हाक मारली, ती मी ऐकली आणि ऐकली नाही असं केलं. मला एकच कळत होतं की उत्तर मला येतं, आणि ते मधूपर्यंत पोचवलं की सगळं सुटेल. धावताना मी ते घोकत होते. राजाविरुद्ध ते एक होऊन लढले. राजा गेल्यावर प्रत्येक बंदराच्या धनवंतांना. परीक्षेला जाताना घोकतात तसं. रस्त्यात विटा पडल्या होत्या, जळक्या टायरचा वास येत होता, गॅलऱ्यांतून बायका ओरडत होत्या, "पोरी, परत जा गो, पोलीस आलेत!" मी रडत होते की नाही, आठवत नाही.

मधू मला अगदी पुढे सापडला. त्याच्या हातात झेंडा नव्हता. झेंडा काढून घेतलेला माणूस झेंड्याच्याही पुढे उभा होता. मी त्याचा शर्ट मागून धरला. "दादा, उत्तर मला येतं. नाना आपल्याच बाजूने आहेत. ते बंदराचं आहे, मुंबईचंच आहे. बंदरांच्या मालकांनी देश तोडले, असं आहे ते! घरी चल, मी सगळं सांगते."

त्याने ऐकलं. मला शंभर टक्के खात्री आहे, त्याने ऐकलं, कारण त्याचे डोळे क्षणभर बदलले. मग म्हणाला, "तुझ्या तोंडून नको, शालू. त्यांनी सांगायला हवं होतं. मी मागितलं होतं ना त्यांच्याकडे?" त्याने माझी बोटं एकेक करून शर्टावरून सोडवली आणि मला एका बोळाच्या तोंडाशी ढकललं. "घरी जा. आईला सांग, येतो." तेवढ्यात अश्रुधुराची नळकांडी आली आणि डोळे मिटले. मग आवाज झाले. मला ते फटाके वाटले. बोळातल्या एका बाईने मला आत ओढून दार लावून घेतलं, तिच्या घरात पेज शिजत होती, आणि मी त्या पेजेच्या वासात, भिंतीला टेकून, ते उत्तर पुन्हा पहिल्यापासून म्हणत बसले. दार उघडलं तेव्हा बाहेर कुणीतरी सांगत होतं, "मास्तरांचा मधू. पायात लागली."

परळच्या मोठ्या हॉस्पिटलात त्याचा उजवा पाय मांडीतून कापावा लागला. आई बाहेर बाकावर बसून होती आणि तिच्या मांडीवर बांगड्याच्या कालच्या आमटीचा डबा होता. ती तो कशासाठी घेऊन आली होती, तिलाही माहीत नव्हतं. नाना भिंतीशी उभे होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला खडूची पांढरी धूळ लागलेली होती, कारण सकाळचा खडू तसाच खिशात होता. दुसऱ्या दिवशी दाजी आले, सगळी चाळ आली. फुलं आली, केळी आली. ज्याने 'पैसे खाल्ले' म्हटलं होतं तोही आला आणि नानांच्या पाया पडला. दाजींच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "मास्तर, कमिटीने नवा फळा केलाय. जखमींत पहिलं नाव मधूचं. ते तुम्हीच लिवायचं." नाना म्हणाले, "माझं अक्षर गेलं, दाजी." त्यानंतर नाक्यावरचा फळा कुणीतरी वाकड्यातिकड्या अक्षरात लिहायचा. नाना तिथून जाताना पलीकडच्या फुटपाथने जात.

मधू घरी आला आणि गॅलरीत बसला. सांगायला चार शब्द, पण आमच्या घराची ती सगळी वर्षं त्या चार शब्दांत गेली. त्याला सकाळी बाहेर बसवायचं, दुपारी आत घ्यायचं, परत बाहेर. तो नानांशी एक अक्षर बोलला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. "नानांना सांग पंखा बंद करायला," असं तो मला म्हणायचा आणि नाना हाताच्या अंतरावर बसलेले असायचे. मी सांगायच्या आधीच ते उठून पंखा बंद करायचे. आईने गुरुवारचे उपास चालूच ठेवले, पण खिचडी करणं सोडलं. ती नुसतं दूध प्यायची. ताटात बटाटा आला तरी तो कुठून आला हे कुणी सांगायचं नाही. भोंगा झाला की दोघेही जागे व्हायचे, पण उठायचं कारण एकालाच असे. कधीकधी मला वाटायचं, हे असंच मरेपर्यंत चालणार, आणि आपण आधी मरू तर बरं.

शाळेत नाना पाठ्यपुस्तकातून उत्तरं सांगायचे आणि मुलं ती उतरवून घ्यायची. पर्वत, नद्या, मुख्य पिके. दोरीच्या गाठी नाहीत, प्रश्न नाहीत, नकाशा छापील. त्या वर्षांत नायगावच्या चाळींतली पुष्कळ कुटुंबं बौद्ध झाली होती. माझ्याहून लहान वर्गातली कमल नावाची मुलगी त्यांतलीच, ती मला मागाहून हे सांगायची. दक्षिण अमेरिकेचा धडा चालू असताना तिने विचारलं, "सर, त्या लोकांनी आपले देव सोडले की त्यांच्याकडून काढून घेतले?" नाना सांगता सांगता थांबले. "काढून घेतले," ते लगेच म्हणाले, "तलवारीने." कमल म्हणाली, "आम्ही आमचे आम्हीच सोडले, सर. विचार करून." नाना म्हणाले, "तोच तर फरक आहे, बाळ. कोण आहेस हे तू ठरवलंस. त्यांना ते ठरवू दिलं नाही." ती म्हणायची, सरांनी इतक्या घाईने उत्तर दिलं की जणू कुणी दारात वाट बघत होतं. मी तिला काही सांगितलं नाही.

मग महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. त्या सकाळी लालबागमध्ये जे झालं ते दिवाळीतही होत नाही. कमानी, रांगोळ्या, लेझीम, प्रत्येक दारात पेढे. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. आमच्या गॅलरीतूनही लोक येऊन मधूच्या कपाळाला गुलाल लावून गेले. तो बसून होता. मग एकाएकी त्याने कुबड्या मागितल्या आणि जिना उतरायला लागला. आई त्याच्या मागे, मी पुढे. नाक्यावर दाजी नव्या फळ्यावर काहीबाही सजवत होते. मधू म्हणाला, "दाजीकाका, फळा मला द्या थोडा वेळ." दाजींनी आपल्या धोतराच्या सोग्याने तो पुसून दिला. मग मधू माझ्याकडे वळला. "वर जा. नानांना बोलव. खडू घेऊन या म्हणावं."

मी वर जाऊन तसं सांगितलं. नानांनी खडू घेतला. ते आले आणि मधूपासून थोडे लांब उभे राहिले. एवढ्या वर्षांत मधूने त्यांच्याकडे सरळ पाहिलं ते तेव्हा.

"नाना, उत्तर राहिलंय," तो म्हणाला.

"आता कुणाला हवंय ते?"

"मला."

नाना फळ्याजवळ गेले. खडू तळाशी टेकवला. डावीकडचा किनारा वर न्यायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. वर पोचून ते उजवीकडून खाली आले, पण रेघ जुळली नाही. बोटभर फट राहिली, आणि त्यांनी ती तशीच सोडली. मग बाजूला त्यांनी उत्तर लिहिलं, तेच, शब्दन्‌शब्द. लेझीमवाले मागून गेले. कुणीतरी त्यांच्या डाव्या हातात पेढा कोंबून गेलं. वाचायला कुणी थांबलं नाही. मधू कुबडीवर रेलून, लहानपणी वाचायचा तसा ओठ हलवत, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचत गेला. संपल्यावर त्याने पुन्हा एकदा वर पाहिलं, आणखी काही राहिलंय का ते बघायला.

"एवढंच होतं?" त्याने विचारलं.

"एवढंच," नाना म्हणाले.